प्रेस शॉपमध्ये लॉकआउटचे प्रशिक्षण नेमके कसे द्यावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. 40 ते 160 टनांच्या 12 मेकॅनिकल पॉवर प्रेस असलेले शॉप. दरवर्षी लॉकआउट-टॅगआउटचे (थोडक्यात लोटो: काम करण्याआधी मशीनची ऊर्जा तोडून तिथे कुलूप आणि टॅग लावणे) दोन तासांचे प्रशिक्षण होते, प्रोजेक्टरवर स्लाइड दाखवल्या जातात, हजेरीपटावर सह्या होतात आणि शेवटच्या दहा प्रश्नांच्या पेपरात सगळे पास होतात. तरीही डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) बदलताना किंवा अडकलेला पीस काढताना कुणी कुलूप लावत नाही, फार तर इमर्जन्सी स्टॉप दाबतात. प्रशिक्षणात काय बदलायला हवे?

सगळ्यात आधी जागा बदला. प्रशिक्षण हॉलमधून उचलून प्रेससमोर न्या. दुसरे म्हणजे वेळेची वाटणी बदला. कुलूप अडकवायला कुणालाही दोन मिनिटांत शिकवता येते. प्रेसमध्ये आता कुठलीच ऊर्जा उरली नाही हे तपासून दाखवणे हे खरे कौशल्य आहे आणि चारातले तीन भाग वेळ त्यावर जायला हवा. तुमच्या पेपरात ‘लोटोच्या पायऱ्या लिहा’ असा प्रश्न असणार. त्याचे उत्तर पाठ असलेला माणूससुद्धा फ्लायव्हील (मोटर बंद झाल्यावरही फिरत राहणारे जड चाक) फिरत असलेल्या प्रेसमध्ये हात घालतो, कारण त्याच्या दृष्टीने मशीन ‘बंद’ असते.

म्हणून पहिला धडा ‘बंद’ या शब्दाचाच घ्या. इमर्जन्सी स्टॉप दाबला की कंट्रोल सर्किट तुटते आणि कॉन्टॅक्टर (मोटरची वीज जोडणारा-तोडणारा स्विच) सुटतो. कॉन्टॅक्टरच्या वरच्या टर्मिनलपर्यंत 415 व्होल्ट तसेच उभे असतात. कॉन्टॅक्टरचे संपर्क वितळून चिकटलेले असतील तर तो सुटतही नाही. शिवाय मशरूम बटण फिरवून वर घ्यायला कुणालाही एक सेकंद पुरतो, आणि प्रेसच्या मागे वाकलेला फिटर त्याला दिसत नाही. हीच गोष्ट सिलेक्टर स्विचची, गार्डच्या इंटरलॉकची आणि लाइट कर्टनची (हात आत गेला की प्रेस थांबवणाऱ्या प्रकाशाच्या पडद्याची). उत्पादन चालू असताना ही साधने उपयोगी आहेत, पण यातले एकही ऊर्जा तोडत नाही. आपल्याकडे कारखाने अधिनियमाच्या कलम 24 मध्ये 1976 च्या दुरुस्तीनेच सांगितले होते की वीज तोडणारे साधन चुकून ‘ऑफ’वरून ‘ऑन’वर जाऊ शकत असेल, तर ते सुरक्षित स्थितीत कुलूपबंद करण्याची सोय हवी. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेचे 1910.147 हे लॉकआउटचे मानक 1989 मध्ये आले. कुलूप लावण्याची कल्पना परदेशी कंपन्यांनी आणलेले फॅड आहे असे शॉपमध्ये कुणी म्हणाले, तर या दोन सालांमधले अंतर दाखवा.

दुसरा धडा फ्लायव्हीलचा. यासाठी खडू आणि मोबाइलमधले स्टॉपवॉच पुरते. प्रेस थांबलेली आणि कुलूपबंद असताना फ्लायव्हीलच्या कडेवर, जाळीच्या गार्डमधून दिसेल अशा जागी, खडूने आडवी रेघ ओढा. गार्ड परत बसवा, कुलूप काढा, मोटर चालू करून पूर्ण वेग येऊ द्या आणि मग मोटर बंद करा. सगळ्यांनी रेघेकडे बघायचे. आधी रेघ दिसतच नाही, नुसता पांढुरका पट्टा दिसतो. मग तो पट्टा तुटायला लागतो, रेघ येताना-जाताना दिसते, शेवटी डुलत डुलत थांबते. तोवर लागलेली मिनिटे-सेकंद मोजा आणि त्याच प्रेसच्या कार्डावर लिहा. प्रत्येक प्रेसचा आकडा वेगळा येईल. बेअरिंगला नवे ग्रीस घातले असेल तर वाढेलही. तपासणी मोटर बंद केल्यावर किती सेकंदांनी सुरू करायची, हे या आकड्यावरून ठरते.

हिशेबही तिथेच करून दाखवा. एक मीटर व्यासाची आणि 300 किलो वजनाची भरीव चकती मिनिटाला 200 फेऱ्यांनी फिरत असेल, तर तिच्यात सुमारे 8,200 ज्यूल ऊर्जा असते. म्हणजे 100 किलोचे वजन 8 मीटरवरून सोडल्यासारखे. वेग निम्मा झाला की ऊर्जा चौथा भाग उरते, पण तो चौथा भागसुद्धा तेच वजन 2 मीटरवरून सोडल्याइतका आहे. पिन क्लच किंवा रोलिंग की क्लचच्या जुन्या प्रेसवर मोटर बंद असताना चुकून पॅडलवर पाय पडला, तर क्लच फ्लायव्हीलला पकडतो आणि स्ट्रोक येतो, म्हणजे रॅम (प्रेसचा वरखाली होणारा भाग) खाली येतो. हा क्लच एकदा बसला की मधेच सुटत नाही, फेरी पुरी करूनच थांबतो. एअर क्लचच्या प्रेसवरही कंट्रोल सप्लाय आणि हवा जिवंत असतील, तर फक्त मोटर बंद करून काही सिद्ध होत नाही.

आता प्रशिक्षणाआधी करायची तयारी. ही बहुतेक ठिकाणी केलीच जात नाही आणि मग प्रशिक्षण हवेत राहते. प्रत्येक प्रेसचे एक कार्ड बनवा: ए-4 आकाराचे, दोन्ही बाजूंनी लॅमिनेट केलेले, पॅनलच्या दाराला आतून नव्हे तर बाहेरून लावलेले. त्यावर या प्रेसला ऊर्जा कुठून कुठून येते, प्रत्येकीचे तोडायचे ठिकाण कुठे आहे (फोटोसकट), उरलेली ऊर्जा कशी काढायची आणि ती गेली हे कशाने तपासायचे, एवढेच लिहा. ‘सर्व ऊर्जा स्रोत बंद करावेत’ असे वाक्य कार्डावर आले, तर ते कार्ड फाडून नवे करा. ‘पॅनल एमसीसी-2, फीडर 7, लाल हँडल’ असे लिहिलेले हवे.

कार्ड लिहिण्याआधी लेबले तपासा. सुट्टीच्या दिवशी इलेक्ट्रिशियनने पॅनलमधून निघणारी एकेक वीजवाट, म्हणजे फीडर, बंद करायचा आणि दुसऱ्याने कुठली प्रेस मेली ते शॉपमध्ये पाहायचे. वर्षानुवर्षे मशिन्स हलवलेल्या असतात, केबल दुसऱ्या फीडरवर घेतलेली असते आणि लेबल मात्र जुनेच असते. चुकीच्या लेबलावर विश्वास ठेवून अगदी नियमाप्रमाणे कुलूप लावणारा माणूस शेजारच्या प्रेसला कुलूप लावतो आणि जिवंत प्रेसमध्ये हात घालतो. त्याची पद्धत बरोबर असते, तरी हात जातो.

याच तपासणीत दुसऱ्या वाटेने येणारी वीजही सापडते. डीकॉइलर (पत्र्याची गुंडाळी उलगडणारे यंत्र) आणि प्रेसमध्ये पत्रा सरकवणारे फीडर यंत्र यांचा सप्लाय बऱ्याचदा वेगळ्या पॅनलवरून असतो. कन्व्हेयरच्या इंटरलॉकची 110 व्होल्टची तार शेजारच्या मशीनमधून आलेली असते. मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये ओल धरू नये म्हणून बसवलेला हीटर असेल, तर मोटर बंद झाली की तो चालू होतो, आणि त्याचा सप्लाय मेन आयसोलेटरच्या (प्रेसची वीज तोडायच्या मुख्य स्विचच्या) पलीकडून असू शकतो. सर्व्हो फीडरच्या ड्राइव्हमध्ये कपॅसिटर असतात. 415 व्होल्टच्या सप्लायवर डीसी बस 580 व्होल्टच्या आसपास चार्ज होते आणि मेन तोडल्यावरही काही मिनिटे तशीच राहते. ड्राइव्हच्या लेबलवर जेवढी मिनिटे लिहिली आहेत तेवढी थांबायचे आणि मग डीसी रेंजवर मोजायचे. फक्त वाट पाहून चालत नाही, कारण डिस्चार्जचा रेझिस्टर उडालेला असला तर तास गेला तरी व्होल्टेज उतरत नाही.

हवेकडे लोक हलक्याने पाहतात. 100 मिलिमीटर बोअरच्या सिलिंडरमध्ये 6 बार असले तर सुमारे 480 किलोचा जोर येतो. हे एकदा सांगितले की सगळे सरळ उभे राहतात. साधा बॉल वॉल्व्ह बंद केला की नवी हवा येणे थांबते, आतली कोंडलेली हवा तशीच राहते. म्हणून प्रत्येक प्रेसला बंद करताच पुढची हवा बाहेर सोडणारा आणि कुलूप लावता येणारा 3/2 वॉल्व्ह बसवा. तरीही काम संपत नाही. काउंटरबॅलन्स (रॅमचे वजन हवेवर तोलून धरणारी यंत्रणा) आणि डाय कुशन (डायखालची हवेची गादी) यांच्या स्वतंत्र टाक्या असतात आणि त्यांच्या आधी हवा एकाच दिशेने जाऊ देणारा चेक वॉल्व्ह असतो. मेन हवा सोडली, रेग्युलेटरवरचा गेज शून्यावर आला, तरी त्या टाकीत 4-5 बार बसलेले असतात. टाकीचा ड्रेन उघडून, टाकीवरचाच गेज पाहायचा. गेजचा काटा अडकलेला असू शकतो, म्हणून ड्रेन उघडताना सुस्कारा ऐकू आला का आणि तो पूर्ण थांबला का, हेही पाहायचे. ड्रेन उघडाच ठेवायचा.

उरते गुरुत्वाकर्षण. त्याला स्विच नसतो. रॅम वर असताना त्याचे आणि वरच्या डायचे वजन ब्रेकवर लटकलेले असते, आणि ब्रेक लायनिंगला तेल लागले असेल तर रॅम हळूहळू, आवाज न करता उतरतो. त्यासाठी रॅमखाली ठेवायचा ठोकळा, म्हणजे सेफ्टी ब्लॉक. इथे एक गैरसमज मुळातून काढा: ब्लॉक रॅमचे आणि डायचे वजन पेलण्यासाठी असतो, प्रेसचे टनेज पेलण्यासाठी नव्हे. मोटर चालू असताना किंवा फ्लायव्हील फिरत असताना स्ट्रोक आला, तर ब्लॉक चिरडतो किंवा गोळीसारखा बाहेर उडतो. म्हणून क्रम असा शिकवा: मोटर बंद, मेन आयसोलेटर तोडून कुलूप, खडूची रेघ थांबेपर्यंत वाट, मग लांब हँडलने ब्लॉक आत सरकवायचा आणि पाचर मारून पोकळी भरायची, आणि काउंटरबॅलन्सची हवा त्यानंतर सोडायची. हवा आधी सोडली तर सगळे वजन एकट्या ब्रेकवर येते आणि तेव्हाच आपला हात ब्लॉक ठेवायला आत असतो. तुमच्या प्रेसच्या मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम दिला असेल तर तोच कार्डावर घ्या. ब्लॉकला साखळीने जोडलेला इलेक्ट्रिकल प्लग असला, म्हणजे ब्लॉक स्टँडवरून उचलताच मोटरचे कंट्रोल तुटत असेल, तर उत्तमच, पण तो प्लग कुलपाची जागा घेत नाही. लाकडाचा ओंडका किंवा पाइपचा तुकडा ब्लॉक म्हणून वापरलेला दिसला, तर तो शॉपमधून बाहेर काढा.

आता वीज गेल्याची तपासणी. याच ठिकाणी प्रशिक्षणार्थी सगळ्यात जास्त चुकतात. कुलूप लावल्यावर स्टार्ट बटण, दोन्ही हातांची बटणे आणि पॅडल दाबून पाहायचे आणि सिलेक्टर परत ऑफवर आणायचा. प्रेस हलली नाही म्हणजे वीज नाही, असे मात्र होत नाही. एखादा इंटरलॉक उघडा असला, कंट्रोलचा फ्यूज उडालेला असला, तरी प्रेस हलत नाही आणि 415 व्होल्ट जागेवर असतात. आयसोलेटरच्या तीनपैकी एका पोलचा संपर्क चिकटून राहिला, तर हँडल ऑफ दाखवते आणि एक फेज जिवंत असतो. म्हणून अधिकृत इलेक्ट्रिशियनने, हातमोजे आणि फेस शील्ड घालून, आयसोलेटरच्या बाहेर जाणाऱ्या टर्मिनलवर आर, वाय आणि बी हे तिन्ही फेज मोजायचे: आर-वाय, वाय-बी, बी-आर, मग प्रत्येक फेज ते अर्थ. सहा मोजमापे, सहाही शून्य. त्याआधी आणि त्यानंतर तोच मीटर जिवंत असल्याची खात्री असलेल्या सॉकेटवर लावून चालतो का ते पाहायचे. नंतरची तपासणी लोक हमखास गाळतात. मधल्या काळात मीटरचा फ्यूज किंवा प्रोबची तार गेली असेल, तर ती सहा शून्ये मीटर मेल्याची असतात. पेन टेस्टर या कामाला बाद. शॉपच्या उजेडात त्याचा दिवा दिसत नाही, आणि लाकडी फळीवर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात तो नीट पेटेलच असे नाही.

डाय सेटर इथे एक रास्त आक्षेप घेतील: ‘कुलूप लावून डाय सेट कशी करायची? रॅम खाली आणायला सप्लाय लागतोच.’ त्याला नियमावली दाखवून गप्प करू नका, कारण तो बरोबर बोलतोय. काम तोडून पाहा. डायचे बोल्ट सैल करण्याआधी रॅम बीडीसीला (स्ट्रोकच्या सगळ्यात खालच्या टोकाला) आणणे, डाय जुळवताना थोडे थोडे हलवणे, हे इंचिंग मोडवर (बटणे दाबली तेवढाच रॅम हलतो), दोन्ही हातांच्या बटणांनी होते. बटणे एकाच माणसाच्या हातात, आणि त्या वेळी डायमध्ये दुसऱ्या कुणाचाही हात नाही. पण ज्या क्षणी हात, डोके किंवा स्पॅनर डायच्या मधे जाणार, म्हणजे पंच बदलणे, स्ट्रिपर साफ करणे, अडकलेला पीस ठोकून काढणे, वरच्या डायचे बोल्ट खालून आवळणे, त्या क्षणी इंचिंग संपले आणि कुलूप व ब्लॉक सुरू. ही सीमारेषा प्रत्येक कार्डावर ठळक लिहा. ती लिहिली नाही की सेटर सगळेच काम इंचिंगमध्ये ढकलतात. एका डाय बदलात दोनदा कुलूप लावायची वेळ येईल आणि प्रत्येक वेळी जास्तीची मिनिटे जातील. ती मिनिटे प्लॅनिंगच्या तक्त्यात आधीच धरा. सुपरवायझर घड्याळ बघत उभा असेल तर कुठलेही प्रशिक्षण टिकत नाही.

साहित्य पुरेसे आणि जवळ हवे. चार सेटर, तीन इलेक्ट्रिशियन आणि दोन फिटर असतील, तर प्रत्येकाला स्वतःची दोन कुलपे. प्रत्येक कुलपाला एकच चावी, ती त्याच्याच खिशात. ऑफिसच्या बोर्डावर टांगलेली डुप्लिकेट चावी म्हणजे कुलूप नसल्यासारखेच. सहा भोकांची आठेक हॅस्प (एकाच जागी अनेकांची कुलपे अडकवायच्या कड्या), एमसीबी-एमसीसीबी या ब्रेकरच्या हँडलांवर बसणारे क्लॅम्प (तुमच्या ब्रेकरवर बसतात का ते आधी लावून पाहा), बॉल वॉल्व्हची कव्हरे, मोठ्या कामासाठी एक ग्रुप लॉक बॉक्स. सगळे प्रेसपासून पंधरा-वीस पावलांवरच्या बोर्डावर. स्टोअरमधून चिठ्ठी देऊन आणायचे असेल तर रात्रपाळीत कुणी आणणार नाही. टॅग मराठी आणि हिंदीत, माणसाचे नाव, फोटो आणि तारीख असलेला. ‘मेंटेनन्स विभाग’ असे लिहिलेला टॅग कुणाचाच नसतो. टॅग बांधायची नायलॉनची टाय 22 किलो तरी ताण सहन करणारी हवी, आणि नुसता टॅग हा कुलपाचा पर्याय कधीच नव्हे.

कुणाला किती शिकवायचे यातही फरक करा. कुलूप लावणाऱ्यांना एक तास वर्ग आणि किमान तीन तास प्रेसवर, एका वेळी पाच-सहाच जण. ऑपरेटरना पाऊण तास, त्यांच्याच मशीनवर: कुलूप दिसले की काय करायचे आणि अडकलेला पीस स्वतः न काढता कुणाला बोलवायचे. झाडलोट करणारे, क्रेनवाले, रंगकामाला आलेली माणसे यांना पंधरा मिनिटे, आणि ठेकेदाराच्या माणसांना कामाच्या पहिल्या सकाळी, आत सोडण्याआधी. हिंदी, ओडिया किंवा दुसरी भाषा बोलणारे असतील तर त्यांच्यातल्याच जाणत्या माणसाकडून त्यांच्या भाषेत समजावून घ्या, आणि मग त्यांनी हाताने करून दाखवले की नाही एवढेच पाहा.

सरावासाठी एक फळी बनवा, चार बाय तीन फुटांची. तिच्यावर 24 व्होल्टचे दोन वेगवेगळे सप्लाय आणि दिवे, दोन एमसीबी, एक साधा बॉल वॉल्व्ह, एक 3/2 वॉल्व्ह, चेक वॉल्व्हच्या पुढे छोटी टाकी, 25 मिलिमीटरचा सिलिंडर आणि दोन गेज. सिलिंडरची हवा 2 बारवर आणि त्यासमोर पारदर्शक पत्र्याचे कव्हर. प्रशिक्षकाने दर वेळी एक ऊर्जा लपवायची: कधी दुसरा सप्लाय, कधी टाकीतली हवा. शोधण्याची सवय इथे लावा. खऱ्या प्रेसवर मुद्दाम ऊर्जा शिल्लक ठेवून परीक्षा घेऊ नका, कितीही मोह झाला तरी.

परीक्षा मात्र खऱ्या प्रेसवर, कार्ड हातात देऊन. पास-नापास एकाच कसोटीवर: एक ऊर्जा सुटली किंवा एक तपासणी गाळली, तर नापास. दहापैकी आठ गुण ही कल्पना इथे लागू नाही. नापास झालेल्याला त्याच आठवड्यात पुन्हा बोलवा आणि तोवर त्याची कुलपे परत घ्या. रजिस्टरमध्ये सहीबरोबर प्रेसचा नंबर लिहा. 63 टनांच्या प्रेसवर पास झालेला माणूस डाय कुशन असलेल्या 160 टनांच्या प्रेसवर आपोआप पास होत नाही.

प्रेस परत चालू करताना लोक सैल होतात, म्हणून तेही करून घ्या. हत्यारे मोजून परत ट्रेमध्ये, चिंध्या बाहेर, गार्ड बसले, सगळी माणसे मोजून बाजूला, ड्रेन बंद, आणि मग ज्याचे कुलूप त्यानेच काढायचे. हवा आधी, हळू. मग ब्लॉक लांब हँडलने काढून स्टँडवर. मग वीज. पहिला स्ट्रोक इंचिंगवर, डाय रिकामी.

पाळी बदलताना येणाऱ्याने आपले कुलूप आधी हॅस्पमध्ये लावायचे, मग जाणाऱ्याने आपले काढायचे. मधे एक क्षणही हॅस्प रिकामा नको. आणि कुणी कुलूप तसेच ठेवून घरी गेला तर? रात्री दोन वाजता हा प्रश्न येणारच, म्हणून उत्तर आधी लिहून ठेवा. तो माणूस आवारात नाही हे गेटच्या नोंदीवरून पाहायचे, त्याला फोन करायचा, प्रेसभोवती स्वतः फिरून तपासायचे, आणि प्लांट हेडने नेमलेल्या एकाच अधिकाऱ्याने कारण लिहून कुलूप कापायचे. कटर त्याच्याच कपाटात, कुलपात. दुसऱ्या दिवशी तो कामगार प्रेसला हात लावण्याआधी त्याला समोर बोलावून सांगायचे की तुझे कुलूप काढले आहे, कारण त्याच्या डोक्यात ती प्रेस अजून बंदच असते.

वर्षातून एकदाच्या वर्गाऐवजी तिमाहीत एकदा, न सांगता, चालू कामावर जाऊन एका माणसाला विचारा: ‘ही प्रेस मेली आहे हे मला आत्ता दाखव.’ पाहणारा त्या कामात नसलेला, पण स्वतः अधिकृत असलेला हवा. तो माणूस टाकीचा ड्रेन दाखवतो, खडूच्या रेघेचा आकडा सांगतो, मीटर आधी सॉकेटला लावतो, हे झाले की त्याच्या नावापुढे तारीख घाला. कुठे अडला ते त्याच दिवशी त्या प्रेसच्या कार्डाशी ताडून पाहा. पुष्कळदा चूक कार्डातच सापडते.